जिन्नाला घरात बोलावतं कोण? – तुर्की भयपट, श्रद्धा आणि पाप

निशाचर

भूत का येतं, याचं आपल्या गोष्टींतलं उत्तर ठरलेलं आहे. कोणाची तरी इच्छा अपुरी राहिली, कोणीतरी अन्यायाने मेलं, म्हणून ते येतं. तुर्की भयपटाला हे उत्तर सहजासहजी वापरता येत नाही. इस्लामी समजुतीप्रमाणे मेलेला माणूस कयामतीपर्यंत बरझखात, म्हणजे मरण आणि कयामत यांमधल्या अवस्थेत, असतो. तो विहिरीतून वर येऊन पोराबाळांना भिववत नाही. मग भीती आणायची कुठून? तर जिन्नांकडून. जिन्न म्हणजे मेलेल्यांचे आत्मे नव्हेत. कुराणाप्रमाणे ती माणसासारखीच निर्माण केलेली, पण आगीपासून घडवलेली वेगळी जात. लोकसमजुतीत तर त्यांना घरदार, बायकापोरं, हेवेदावे सगळं आहे. आणि जिन्न उगाच उठून कोणाच्या घरात शिरत नाही. त्याला कोणीतरी बोलावतं, डिवचतं किंवा दुसऱ्याच्या अंगावर सोडतं. हे करणारा माणूस बहुतेक वेळा घरातलाच निघतो. गेल्या वीसेक वर्षांतल्या तुर्की भयपटाची सगळी ताकद मला यात दिसते, म्हणून हा धागा काढतोय.

आधी थोडा इतिहास. तुर्कस्तानात भयपट फार उशिरा रुजला. १९५३ साली 'द्राकुला इस्तंबूल'दा' आला. १९२८ च्या एका तुर्की कादंबरीवर तो बेतलेला होता आणि त्यात द्राकुलाला थेट ऑटोमन तुर्कांशी लढलेल्या व्लाद या राजाशी जोडलेलं होतं. क्रूसाचा प्रश्नच नव्हता, सगळी मदार लसणावर. त्यानंतर १९७४ चा 'शेयतान'. दिग्दर्शक मेतिन एर्कसान, ज्यांच्या 'सुसुझ याझ'ला १९६४ साली बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल मिळालं होतं, तेच. अमेरिकेत गाजलेल्या 'एक्झॉर्सिस्ट'ची ही जवळपास दृश्यागणिक नक्कल आहे. पण पाद्री काढल्यावर त्या जागी बसवायचं कोणाला, हा प्रश्न आला. तीर्थाच्या जागी मक्केतल्या झमझम विहिरीचं पवित्र पाणी आलं, श्रद्धा डळमळलेल्या तरुण पाद्र्याच्या जागी सैतानावर पुस्तक लिहिलेला एक सुशिक्षित माणूस आला आणि शेवटी आई-मुलगी मशिदीत गेल्या. इस्तंबूलच्या श्रीमंत, पाश्चात्त्य वळणाच्या घरात धर्म परत आणून ठेवण्याची ही धडपड आजही बघण्यासारखी आहे. चित्रपट म्हणून मात्र कच्चा आहे.

मग बराच काळ जवळपास शुकशुकाट. २००४ पासून पुन्हा सुरुवात झाली आणि २००६ साली हसन काराजादा यांचा 'दब्बे' आला. काराजादा जपानमध्ये राहून आलेले, त्यामुळे चित्रपटावर 'काइरो' या जपानी भयपटाचा ठसा स्पष्ट आहे. आत्महत्यांची साथ, इंटरनेटमधून पसरणारं काहीतरी. पण नाव घेतलं कुराणातल्या 'दाब्बतुल अर्द'वरून. सूरा (कुराणातला अध्याय) नम्लच्या ८२ व्या आयतीत शेवटच्या काळी जमिनीतून बाहेर येऊन माणसांशी बोलणारा जो प्राणी सांगितलाय, तो. पुढे २००८ चा 'सेमुम'. हे नावही कुराणातलंच, सूरा हिज्रमध्ये जिन्न ज्या होरपळणाऱ्या आगीपासून बनले तिचं. 'दब्बे'ची मालिका झाली. त्यातला २०१३ चा 'जिन चार्पमासी' माझ्या मते सगळ्यांत भेदक. मेंदीच्या रात्रीच एका नवरीला झपाटलं जातं. तिची मानसोपचारतज्ज्ञ मैत्रीण कॅमेरा घेऊन एका मांत्रिकाबरोबर गावी जाते, सगळं खोटं आहे हे सिद्ध करायला. मग एकेक करत कळत जातं की या घराने पूर्वी काय केलंय.

दुसरं मोठं नाव आल्पेर मेस्तची. २००७ चा 'मुसल्लत' आणि २०१४ पासूनची 'सिज्जीन' मालिका. 'सिज्जीन' हेही कुराणातलं नाव, सूरा मुतफ्फिफीनमधलं. पापी लोकांच्या कर्मांची नोंद जिथे असते ते. पहिल्या 'सिज्जीन'मध्ये ओझनूर नावाची बाई लग्न झालेल्या आतेमामेभावंडांतल्या कुद्रेतवर जीव लावून बसते आणि त्याच्या बायकोवर करणी करवते. करणी अशी की ती रक्ताच्या नात्यातून सगळ्यांना गाठते. रक्त कोणाचं कुठे वाहतंय याचा हिशेब ओझनूरला तरी पक्का माहीत आहे का, इथे चित्रपट फिरतो. शेवट सांगत नाही.

या चित्रपटांत जिन्न भयानक दिसतो हे खरं, पण त्याची चीड येत नाही. चीड येते त्या माणसाची, ज्याने शेजारच्या खोलीत झोपलेल्या आपल्याच माणसाच्या उशीत मंतरलेली पुडी शिवली. म्हणून हे चित्रपट मला नीतीचे चित्रपट वाटतात. तुम्हाला काय वाटतं?

मध्यरात्रीचा_चहा

मस्त धागा. वाचनखूण साठवली. मी फक्त 'सिज्जीन' पाहिलाय, तोही अर्ध्यात बंद केला. घरात एकटी होते. एक विचारायचंय, या चित्रपटांत होजा म्हणजे नक्की कोण? मशिदीतला इमाम की आपल्याकडच्यासारखा देवऋषी?

निशाचर

दोन्ही. तिकडे होजा म्हणजे शिकवणारा, जाणकार. शाळामास्तरलाही होजा म्हणतात. पण चित्रपटातला असतो तो 'जिनजी होजा', जिन्नांचा बंदोबस्त करणारा. या नावाचा खराखुरा माणूस होऊन गेलाय. सफ्रानबोलूचा हुसेन एफेंदी. सुलतान इब्राहिमच्या आजारावर उपाय करायला त्याला राजवाड्यात आणलं, तो मोठ्या न्यायाधीशाच्या पदापर्यंत चढला आणि १६४८ साली सुलतान गेल्यावर त्याचाही जीव गेला. सफ्रानबोलूत त्याच्या नावाची सराई अजून उभी आहे.

दाभोळखाडी

मी कोकणी मुसलमान, लहानपण रत्नागिरी जिल्ह्यात गेलं. जिन्नांच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, जिन्न म्हणजे सैतान नव्हे. कुराणात 'अल-जिन्न' नावाची आख्खी सूरा आहे, ७२ वी. त्यात जिन्नांचा एक गट कुराणाचं पठण ऐकतो आणि ईमान आणतो. आमच्यात चांगले आहेत आणि तसे नसलेलेही आहेत, असं ते स्वतःच म्हणतात. आमच्या आजीच्या गोष्टींत नमाजी जिन्न असायचे, रात्री मशिदीत येणारे. त्यांची भीती नाही, अदब वाटायची. कचऱ्यावर गरम पाणी टाकायचं असेल तर आधी बिस्मिल्ला म्हणायचं, तिथे कोणी बसलेलं असेल तर पोळायला नको म्हणून. तुर्कस्तानातही गरम पाण्याची ही समजूत अगदी अशीच आहे, हे मला नंतर कळलं आणि फार बरं वाटलं. तुर्की भयपटांत हा चांगला शेजारी जिन्न जवळजवळ नाहीच. तो काढून टाकल्यामुळे जिन्नांचं जग एकरंगी झालंय.

दुसरी गोष्ट करणीची. सूरा बकराच्या १०२ व्या आयतीत बाबेलमधल्या हारूत आणि मारूत या फरिश्त्यांचा उल्लेख आहे. लोक त्यांच्याकडून जे शिकायचे त्यात नवराबायकोत फूट पाडणारी विद्या होती. आणि तिथेच सांगितलंय की अल्लाहच्या मर्जीशिवाय त्याने कोणाचंही वाईट करता येत नाही. 'सिज्जीन'ची गोष्ट सरळ या आयतीच्या पहिल्या भागातून आल्यासारखी आहे. संसार मोडायला केलेली करणी! पण आयतीचा दुसरा भाग चित्रपट सोडून देतो. तिथे करणीच सर्वशक्तिमान होऊन बसते.

शेवटच्या दोन सूरा, फलक आणि नास, आमच्या घरी झोपताना मुलांवर म्हणून फुंकतात. फलकमध्ये गाठींवर फुंकर मारणाऱ्यांपासून आणि हेवा करणाऱ्याच्या हेव्यापासून संरक्षण मागितलंय. जादू आणि हेवा दोन्ही एकाच दुआत आहेत, हे या चित्रपटकारांना बरोबर कळलंय. तिथे मी निशाचर यांच्याशी सहमत आहे. हेवा हेच मूळ.

चिकित्सक_पुणेकर

दाभोळखाडी ताई, प्रतिसाद आवडला. पण मूळ लेखातल्या 'नीतीचे चित्रपट' या शब्दांवर माझा ठाम आक्षेप आहे.

३० नोव्हेंबर १९२५ चा तुर्कस्तानचा ६७७ क्रमांकाचा कायदा बघा. दर्ग्यांना आणि सूफी मठांना टाळं लावणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे, पण त्याच कायद्याने भविष्य सांगणं, जादूटोणा, मंत्र फुंकणं, ताईत लिहून देणं यांवरही बंदी आली. तो आजही लागू आहे. म्हणजे चित्रपटातला प्रत्येक जिनजी होजा कायद्याच्या नजरेत गुन्हेगार आहे. आणि चित्रपट काय सांगतो? डॉक्टर चुकीचा, मानसोपचारतज्ज्ञ चुकीची, औषधं निरुपयोगी, ओळखतो फक्त होजा. 'जिन चार्पमासी'मधली डॉक्टर सिद्ध करायला जाते काय आणि तिच्याच विज्ञानाची वाट लागते काय. ज्या महाराष्ट्रात डॉ. दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथल्या माणसाला हे बघून अस्वस्थ व्हायला हवं. झटके येणाऱ्या मुलीला दवाखान्याऐवजी बाबाकडे नेणारी घरं इथेही आहेत, अनातोलियातही असणार.

निशाचर

आक्षेप रास्त आहे. चित्रपटातले डॉक्टर पुठ्ठ्याचे असतात हे कबूल. पण होजा जिंकतो का, हे बघा. 'एक्झॉर्सिस्ट'च्या परंपरेत धर्मगुरू प्राण देतो, पण मुलगी वाचते. काराजादा आणि मेस्तची यांच्या गाजलेल्या चित्रपटांत अनेकदा होजा हरतो, मरतो किंवा उशिरा पोचतो. संरक्षणासाठी म्हणतात ती कुराणातली आयतल कुर्सी म्हटली जाते आणि तरी दार उघडतं. बाबाची जाहिरात करायची असती तर बाबाला असं हरवलं नसतं. इथे सांगणं असं आहे की पाप घडून गेलंय, आता कोणाकडे गेलात तरी परतफेड टळत नाही. सामान्य प्रेक्षक घरी जाताना होजाचा पत्ता शोधत असेल असं मला वाटत नाही. आपल्या घरात कोण कोणावर जळतं, हा विचार तो करत असेल.

कायद्याबद्दल मात्र एक जोडतो. ताईत-गंड्यांच्या धंद्याविरुद्ध फक्त धर्मनिरपेक्ष मंडळीच नाहीत. सरकारचं धर्मखातं, दियानेत, जिन्नांचं अस्तित्व मानतं, पण जिनजी होजांच्या नादी लागू नका असं बजावतं. म्हणजे हा होजा कायद्यालाही नको आणि अधिकृत धर्मालाही नको. तरी लोक त्याच्याकडे जातात. भयपटाला अशी दोन्हीकडून हाकललेली माणसंच लागतात.

श्प्रे_काठी

बर्लिनमध्ये बरीच वर्षं राहते. इथे तुर्की चित्रपट थिएटरात लागतात आणि प्रेक्षक बहुतेक तुर्कीच असतात, आज्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत. भयपटालाही सगळं कुटुंब येतं. पडद्यावर काही दिसायच्या आधीच मागच्या रांगेतून 'बिस्मिल्ला' ऐकू येतं. चित्रपट बघताना लोक खरोखर संरक्षण मागतायत, हा अनुभव मला दुसऱ्या कुठल्या भयपटाला आला नाही.

'मुसल्लत'बद्दल लिहायचं होतं. त्याची गोष्ट जर्मनीत कामाला आलेल्या सुआतची आहे. गावी नवी बायको, इकडे हा एकटा. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला, तेव्हापासून हजारो घरांनी हा दुरावा भोगलाय. नवरा परदेशी, बायको सासरी, भेट सुट्टीपुरती. त्या चित्रपटात एक जिन्न गावातल्या बायकोच्या प्रेमात पडतो आणि नवऱ्याचं रूप घेऊन येतो. माझ्या शेजारच्या तुर्की आजींना याबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, आमच्या वेळी ही भीती सगळ्यांना होती, फक्त तिला नाव नव्हतं. दूर गेलेल्या नवऱ्याच्या जागी कोण येईल? आणि आलेला तोच आहे कशावरून? स्थलांतराबद्दल इतकं खरं सांगणारे चित्रपट मी फार थोडे पाहिलेत. कोकणातल्या मुंबईकर नवऱ्यांच्या घरात हे लगेच कळेल.

दाभोळखाडी

श्प्रे_काठी, अगदी. आमच्याकडे मुंबईनंतर आखात आलं. आमच्या आळीत अर्ध्या घरांतले पुरुष कुवेत, दुबई, मस्कतला. 'मुसल्लत' मी त्या नजरेने पाहिलाच नव्हता, आता परत बघेन.

ओवी_नि_वाती

सगळं वाचलं. पण शिक्षा कोणाला होते हे कोणीच का मांडत नाही?

'आराफ' घ्या, २००६ चा, बिराय दाल्करन यांचा. नर्तिका असलेली नायिका, विवाहित पुरुषापासून दिवस राहतात, गर्भपात करते, पुढे लग्न करून संसाराला लागते आणि मग ते न जन्मलेलं मूल तिला छळतं. तुर्कस्तानात १९८३ पासून दहा आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे. कायद्याने जे दिलं ते चित्रपटाने पाप ठरवून काढून घेतलं. आणि तो विवाहित पुरुष? त्याच्या उशाशी कोणी येऊन बसत नाही. 'सिज्जीन'मध्ये करणी करणारी बाई, भोगणारी बाई, लहान मुलगी, म्हातारी आई. ज्याने दोघींना झुलवलं तो कुद्रेत गोष्टीच्या मधोमध असूनही सगळा दोष ओझनूरच्या डोक्यावर. झपाटली जाते तीही बाईच. तिचं तोंड वाकडं, तिचे केस मोकळे, तिला पलंगाला बांधायचं आणि चार पुरुषांनी भोवती उभं राहून पढायचं. या दृश्यांत भीती कोणाची दाखवलीय? जिन्नाची की बाईच्या आवाजाची?

'हेवा हेच मूळ' म्हणताना हेवा नेहमी बायकांच्याच पदरात का बांधला जातो, हे विचारलंच पाहिजे. जमीन बळकावणारा भाऊ, हुंडा मागणारा सासरा, मुलीचं लग्न मोडणारा काका, यांच्या पापांवर जिन्न का येत नाही?

निशाचर

ओवी, थेट मर्मावर बोट ठेवलंत. 'जिन चार्पमासी'मध्ये मुळातली लालसा पुरुषांची आहे, म्हणून तो मला वरचढ वाटतो. पण तिथेही फेडते मुलगीच, हे तुमचं म्हणणं टिकतंच. यावर माझ्याकडे बचाव नाही.

'आराफ'चं आणखी एक. मेलेलं माणूस परत येत नाही, हे मी सुरुवातीला लिहिलं. त्या नियमात हा चित्रपट बसत नाही. तिथलं मूल जिन्न नाही, ते जपानी आणि हॉलिवूडच्या भयपटांतून आलेलं भूत आहे. म्हणजे शिक्षा द्यायला धर्माची भाषा वापरली आणि भूत मात्र धर्माबाहेरून आणलं.

दाभोळखाडी

ओवीताईंना माझाही दुजोरा. कुराणात कोणीही दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही असं पुन्हा पुन्हा येतं. बापाच्या पापासाठी मुलीला, करणी करणारीच्या पापासाठी तान्ह्या पोराला शिक्षा, ही इस्लामी नीती नव्हेच. रक्तातून पाझरणारा शाप ही फार जुनी, गावगाड्यातली समजूत आहे. चित्रपट तिला अरबी नाव देतात आणि प्रेक्षकाला वाटतं हे किताबातलंच आहे. माझी खरी तक्रार ही आहे. अल्लाहचा न्याय दाखवतो म्हणायचं आणि दयेला जागाच ठेवायची नाही. तौबा करणारं एक तरी पात्र या चित्रपटांत वाचलेलं मला दाखवा.

लिपीकार

एक वेगळा मुद्दा मांडतो. मी जुन्या हस्तलिखितांवर काम करतो, त्यामुळे या चित्रपटांतली अक्षरं मला आधी दिसतात. भिंतीवर रक्ताने लिहिलेला मजकूर, जमिनीतून निघालेली चामड्याची गुंडाळी, ताईतातला कागद, सगळीकडे अरबी लिपी. तीच लिपी मशिदीच्या घुमटावर आहे, कुराणात आहे आणि आजोबांच्या थडग्यावरही आहे. १९२८ साली तुर्कस्तानने लिपी बदलून लॅटिन केली. १९३२ ते १९५० अजानही तुर्कीत दिली जात होती. आजच्या सामान्य तुर्की माणसाला नमाजापुरतं अरबी पाठ असतं, धार्मिक शिक्षण घेतलेल्यांना कुराण वाचताही येतं. पण पणजोबांचं पत्र, घराचा जुना दस्तऐवज, गावच्या पाणपोईवरचा लेख बहुतेकांना वाचता येत नाही. आपल्या मोडीचं थोडंसं असंच झालं, पण मोडी कधी पवित्र नव्हती. तिथे पवित्र तेच अपरिचित झालं. म्हणून पडद्यावर ती अक्षरं आली की प्रेक्षकाला एकाच वेळी हात जोडावेसे वाटतात आणि पळावंसंही वाटतं. ही आयत आहे की करणी, हे त्याला ठरवता येत नाही. त्यासाठी लागतो होजा, कारण वाचता येतं ते त्याला. होजाची पडद्यावरची सत्ता मला इथून आलेली वाटते. तो जिन्नांना ओळखतो म्हणून नव्हे, तो वाचू शकतो म्हणून.

चिकित्सक_पुणेकर

लिपीकार, हे पटलं. सत्ता वाचता येणाऱ्याकडे जाते, हे तर आपल्याकडच्या पोथी-पंचांगांनाही लागू आहे. मग उलट असं म्हणू या का, की लोकांना ती अक्षरं वाचता आली तर हे चित्रपट घाबरवणार नाहीत?

लिपीकार

अरबीभाषक देशांत असे ताईत रोज विकले जातात, त्यामुळे नुसतं वाचता येऊन भीती जाईल असं नाही. पण भीतीचा पोत बदलेल. इंडोनेशियात 'सिज्जीन' प्रचंड चालला, २०२३ साली तिथे त्याचा 'सिज्जिन' नावाने रिमेकही झाला. तिथली रोजची लिपीही लॅटिनच आहे. योगायोग असेलही, पण मला लक्षणीय वाटतो.

मध्यरात्रीचा_चहा

चर्चा वाचून धीर आलाय. जिन्न नसलेला एखादा आहे का, सुरुवातीला बघायला? आणि मग पुढचा क्रम?

निशाचर

तायलान बंधूंचा 'क्युचुक कियामेत', २००६. १७ ऑगस्ट १९९९ च्या मर्मरा भूकंपात सतरा हजारांवर माणसं गेली. त्या भूकंपात आई गमावलेली बाई पुन्हा धक्का बसल्यावर कुटुंब घेऊन इस्तंबूलबाहेर सुट्टीच्या घरात जाते. कयामतीचं नाव आहे, पण जिन्न नाही. भीती आहे ती छताची, भिंतीची आणि आपण वाचलोच कशाला या प्रश्नाची. कोणाचंही पाप नसताना कोसळलेलं संकट तुर्की भयपटाने इतक्या प्रामाणिकपणे पुन्हा फारसं हाताळलेलं नाही. दाभोळखाडी ताईंनी जी दया मागितली ती मला याच चित्रपटात थोडी दिसली.

नंतर 'मुसल्लत', श्प्रे_काठी यांचा प्रतिसाद डोक्यात ठेवून. मग 'जिन चार्पमासी'. तो दिवसा आणि कोणीतरी सोबत असताना बघा. 'सिज्जीन'चा पहिला भाग पुरे, पुढच्या भागांत तीच करणी फिरून फिरून येते. जान एवरेनोल यांचा 'बास्किन' (२०१५) सगळ्यांत शेवटी. पाच पोलीस एका पडक्या इमारतीत शिरतात आणि ती नरकाची पायरी निघते. त्यात होजा नाही, दुआ नाही, मांस-रक्त भरपूर आहे. पण ओवी, तुमच्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर तिथे सापडेल. तिथे भोगणारे सगळे पुरुष आहेत, वर्दीतले.

ओवी_नि_वाती

मग मी तिथूनच सुरुवात करते. बघून झालं की इथेच लिहीन.